आधी गाडीखाली झोपा, मग सीटवर बसा

पाऊस जवळ आला की घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या वाचकांची पत्रं वाढतात. विषय एकच, जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं इंजिनाने ओढणारी गाडी. नव्या गाडीचे पैसे नाहीत, रस्ता मात्र दर वर्षी तसाच निसरडा. अशी गाडी हौसेपेक्षा गरजेपोटी घेतली जाते, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. वाचकांनी नावं न छापण्याची विनंती केली, ती पाळली आहे.

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं घर पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या अंगाला. डांबरी रस्ता सोडला की दीड किलोमीटर लाल मातीचा चढ. पावसाळ्यात आमची पिकअप खालीच लावावी लागते. कराडला एका गृहस्थांकडे २००६ ची मारुतीची जिप्सी किंग बघितली. नवा रंग, मोठे टायर, नवं कापडी हूड. साडेतीन लाख सांगतात. आमच्या गावच्या मिस्त्रीने इंजिन ऐकलं आणि म्हणाला, एकदम ओके आहे, डोळे झाकून घ्या. घेऊ का?
– एक वाचक, पाटण

उत्तर : मिस्त्रीने इंजिन ऐकलं हे चांगलं केलं. पण या गाडीत इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी. २००० नंतरच्या जिप्सी किंगमध्ये १.३ लिटरचं, सोळा व्हॉल्व्हचं, इंजेक्शनवालं ८० अश्वशक्तीचं इंजिन आहे. त्याच घराण्यातलं इंजिन एस्टीमला होतं. ते कसं उघडायचं हे माहीत असलेले मिस्त्री तालुक्याच्या गावीसुद्धा सापडतात. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स बांधता येतो, क्लच तर एका दिवसाचं काम. चेसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, आतून गंजली असेल तर मात्र पुढे दर वर्षी त्या गाडीवर वेल्डिंगच करत बसाल. जिप्सीचं सामान्य ग्राहकांसाठीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, त्यामुळे नवी चेसी मिळेल या आशेवर राहू नका.

म्हणून पहिलं काम म्हणजे गाडीखाली जायचं. गाडी सपाट जागेवर लावा, चाकांना दगड लावा, सतरंजी टाका आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर डोकं घालू नका. घोड्या, म्हणजे वजन पेलणारे लोखंडी स्टँड, लावा. मालकाकडे घोड्या नसतील तर गाडी गॅरेजमध्ये नेऊन बघा. मालक नेऊ देत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा.

जिप्सीची चेसी म्हणजे दोन लांब पोकळ पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. चारही चाकांना पाटे, म्हणजे लोखंडी पानांच्या स्प्रिंगा. चिखल जिथे साचतो तिथे गंज आधी धरतो : मागच्या चाकांच्या वर आणि मागे, पाट्यांची टोकं जिथे चेसीला धरली आहेत तिथे, पाट्याचं टोक ज्या हलत्या कडीत असतं त्या शॅकलच्या खुंट्यांशी, आणि बॉडी ज्या रबरांवर बसते त्या कानांच्या खाली. छोटी हातोडी घ्या आणि पट्टीवर हलकेच ठोकत पुढून मागे या. चांगलं लोखंड टणक वाजतं. गंजलेलं भद्द वाजतं आणि पापुद्रे गळतात. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. आत घुसलं तर किमतीची बोलणीसुद्धा करू नका.

तुम्ही नवा रंग लिहिला आहे. तो फक्त वर आहे की खालीही, हे बघा. इतक्या जुन्या गाडीच्या पोटाला परवा लावलेला काळा चकचकीत थर असेल तर मला ती गाडी विकायला तयार केलेली वाटते. त्या थराखाली चांगलं लोखंड असू शकतं, नाही असं नाही. पण मालकाला सांगा की दोन-तीन जागा खरवडून बघणार. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. पट्टीवर वेल्डिंगचा तुकडा दिसला तर तो कुठे आहे ते बघा. शॅकलच्या खुंटीजवळ किंवा स्टेअरिंग बॉक्स चेसीला जिथे बोल्ट केला आहे तिथे तडा जाऊन शिवलेलं असेल तर माझ्या मते ती गाडी घाटात उतरवण्याच्या लायकीची नाही. तुमच्या घरी म्हातारी माणसं असतील, पोरं शाळेला त्याच गाडीतून उतरणार असतील. तिथे स्वस्तात मिळते म्हणून तडजोड नको.

मग वर या. मॅट उचला, पाय ठेवायची जागा हाताने दाबा. हुडाच्या गाडीत पाणी आत येतंच, आणि ते मॅटखाली महिनोन्महिने राहतं. पुढच्या काचेच्या चौकटीची खालची कड, दरवाज्यांचे खांब, मागची चाकांवरची पेटी, इथे पत्रा फुगलाय का बघा. पत्र्याचं काम परवडतं, पण त्याचे पैसे किमतीतून वजा करून घ्या. एक लोहचुंबक खिशात ठेवा. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे.

आता पुढचा अॅक्सल. जिप्सीत सगळ्यात जास्त इथेच दुर्लक्ष होतं. पुढच्या चाकामागे एक मोठा गोळा दिसेल, त्यात वर-खाली किंगपिनचे, म्हणजे चाक ज्या खुंट्यांवर डावी-उजवीकडे वळतं त्यांचे, बेअरिंग असतात. पुढची बाजू उचलून घोडीवर घ्या. चाक वरून आणि खालून धरून जोरात हलवा. खटखट जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन. मग गोळ्यावरचं ग्रीस बोटावर घेऊन बघा. घट्ट ग्रीसच्या जागी पातळ, काळं, गिअर ऑइल मिसळलेलं काही ओघळत असेल तर आतलं सील गेलं आहे. सील स्वस्त आहे, पण ते बदलायला अख्खा गोळा उतरवावा लागतो, आणि उतरवल्यावर किंगपिनचे बेअरिंगही बदलूनच टाकावेत. चालवताना पन्नास-साठच्या वेगाला खड्डा लागून स्टेअरिंग थरथरायला लागलं आणि थांबेपर्यंत थरथरतच राहिलं तर विक्रेता म्हणेल, बॅलन्सिंग करून घ्या. बॅलन्सिंगने ते जात नाही. किंगपिन, पाट्यांचे बुश, टाय-रॉडचे जॉइंट बघावे लागतात.

मोठे टायर बसवलेत, त्याचीही चौकशी करा. किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्यापेक्षा बराच मोठा टायर घातला की वजन वाढतं, तो भार किंगपिन, बेअरिंग आणि ब्रेकवर येतो, गाडी चढाला पहिल्यासारखी ओढत नाही, आणि स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर पाट्याला किंवा पत्र्याला घासतो का बघा. मूळ मापाचे टायर आणि रिम मालकाने ठेवले असतील तर व्यवहारातच मागून घ्या. तुमच्या लाल मातीच्या चढाला रुंद टायरपेक्षा मूळ मापाचा, खोल नक्षीचा टायर जास्त उपयोगाचा.

आणि ज्यासाठी गाडी घेताय ती फोर व्हील. नुसती दांडी पुढे-मागे करून, लागली म्हणून समाधान मानू नका. जिप्सीचा ट्रान्स्फर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळा, मधल्या छोट्या शाफ्टने जोडलेला असतो. तो ज्या रबरी गाद्यांवर टांगलेला असतो त्या फाटल्या की अॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना खालून धडका बसतात. शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस हाताने पिळून बघा, जरासाही खेळ असेल तर बदलावे लागतील. पुढची चाकं अॅक्सलला जोडणारे हब काही गाड्यांत हाताने फिरवायचे, काहींत हवेवर लागणारे. हवेवाल्यांच्या नळ्या जुन्या झाल्या की फुटतात आणि पुढची चाकं लागतच नाहीत. आत दिवा मात्र पेटलेला असतो.

हाताचे हब असतील तर खात्रीची तपासणी अशी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, पुढची दोन्ही चाकं उचलून घोडीवर घ्या, इंजिन बंद ठेवा, हब लावा, फोर व्हील लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. आता पुढचं एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेने फिरलं पाहिजे. एक फिरतंय आणि दुसरं ढिम्म उभं असेल तर एखादा हब लागत नाही किंवा आत अॅक्सल तुटलेला आहे.

जुन्या जिप्सीत आणखी एक भानगड असते, ती फार कमी लोक तपासतात. पुढचा अॅक्सल एका मॉडेलचा आणि मागचा दुसऱ्या मॉडेलचा. ९७० सीसीच्या जुन्या जिप्सीचं सामान १.३ च्या गाडीत, किंवा उलट. अॅक्सलमधल्या क्राउन-पिनियन गिअरांचं प्रमाण पुढे-मागे वेगळं असेल तर टू व्हीलमध्ये काही कळत नाही, पण फोर व्हील लावली की दोन्ही अॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केस फुटतो. तपासायला गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एका वेळी एकच अॅक्सल उचला. पुढचा असेल तर हब लावा, पण फोर व्हील काढा. दोन्ही चाकं एकाच दिशेने बरोबर एक फेरा फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. मग दुसऱ्या अॅक्सलला हेच करा. दोन्हीकडचा आकडा एकच यायला हवा.

हे सगळं नीट निघालं तर चालवून बघा, पण फोर व्हील डांबरावर नको. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शिअल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबून जातात, त्या फरकाचा ताण सुटायला चाकं थोडी घसरावी लागतात. डांबरावर ती घसरत नाहीत आणि सगळा ताण शाफ्ट-गिअरांवर चढतो. नांगरलेल्या रानात किंवा नदीच्या वाळूत न्या. आधी टू व्हीलमध्ये जिथे मागची चाकं फिरून गाडी थांबते अशी जागा शोधा, तिथेच फोर व्हील लावा आणि निघते का बघा. मग लो, म्हणजे फोर व्हीलचा कमी वेगाचा आणि जास्त ओढीचा टप्पा, लावून पहिल्या गिअरमध्ये उतारावर, अॅक्सिलरेटर सोडून, ब्रेक न दाबता उतरा. गाडी इंजिनावर धरून हळूहळू उतरली पाहिजे. मध्येच दांडी उडून न्यूट्रलला आली तर ट्रान्स्फर केसचं काम निघालं. ही तपासणी उतार संपतो तिथे पुढे मोकळी सपाट जागा असेल अशाच ठिकाणी करा, आणि पाय ब्रेकजवळ ठेवा.

इंजिन शेवटी. सकाळी, थंड असताना, तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आत बॉनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर, रेडिएटरमध्ये गंजाचं पाणी, हे बघा आणि कॉम्प्रेशन मोजून घ्या. एवढं पुरे.

कागदांत तुमच्या गाडीची एक गोष्ट ठळक आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर फिटनेस होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २००६ ची गाडी म्हणजे २०२१ मध्ये ते झालेलं असायला हवं, आणि पुढची मुदत २०२६ ची. आरसीवरची तारीख स्वतः वाचा. हे नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, वीस वर्षांवरच्या गाड्यांना ते आणखी वाढवलं आहे, आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. मालक म्हणाला की पासिंग तुम्हीच करून घ्या, तर ती जबाबदारी अंगावर घेण्याआधी किमतीत दाखवा. त्याहून चांगलं म्हणजे त्यानेच पासिंग करून द्यावी. चेसी नंबर लोखंडावर ठोकलेला असतो. तो घासून मोकळा करा आणि आरसीशी अंक-अंक जुळवा.

साडेतीन लाख फार की कमी, हे गाडीखाली झोपल्याशिवाय मी सांगणार नाही. चेसी स्वच्छ, अॅक्सल घट्ट आणि फोर व्हील लागत असेल तर रंग उडालेल्या गाडीलाही तेवढे द्यावेत असं मला वाटतं.

प्रश्न : दिल्लीच्या एका एजंटकडे २०१३ ची महिंद्राची डिझेल थार सीआरडीई आहे. इथल्या भावापेक्षा लाखभर कमी. तो म्हणतो, गाडी ट्रकवर घालून पाठवतो, एनओसी, म्हणजे तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, मागाहून येईल. निम्मे पैसे आधी मागतोय.
– एक वाचक, भोर

उत्तर : एनओसी हातात, मग पैसे. हा क्रम उलटा करू नका.

ती गाडी स्वस्त का आहे ते आधी समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. पुढे अंमलबजावणीत चढउतार झाले, तरी भाव पडलेलेच राहिले. २०१३ ची डिझेल थार २०२३ मध्ये तिथे दहा वर्षांची झाली. अशा गाडीची नोंदणीच तिकडे रद्द झालेली असू शकते. नोंदणी रद्द झाली असेल आणि एनओसीही निघत नसेल तर तुम्ही गाडी घेत नसून सुटे भाग घेत आहात. केंद्राच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, कर्जाचा बोजा आहे की नाही, विमा कधीपर्यंत, एवढं दिसतं. ते आज संध्याकाळीच बघा.

नोंदणी चालू असेल तर मालकाच्या नावाची एनओसी म्हणजे फॉर्म २८, शिवाय मालकी बदलाचे २९ आणि ३०. कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. इथे आल्यावर गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागेल, वर ट्रकचं भाडं. ही बेरीज कागदावर मांडा. भोरच्या माणसाला पुण्यात-साताऱ्यात बघून, खाली झोपून, चालवून मिळणारी थार आणि दीड हजार किलोमीटरवरून फोटोवर घेतलेली थार, यांत लाखभराचा फरक मला पुरेसा वाटत नाही.

तरीही बघायला जाणार असाल तर थारची पुढची बाजू जिप्सीपेक्षा वेगळी आहे एवढं ध्यानात ठेवा. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, टॉर्शन बारवर, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांवर. पुष्कळ पोरं ते बार पिळून गाडी पुढून उंच करतात, म्हणजे दिसायला रुबाबदार. त्याने पुढच्या शाफ्टचे कोन वाढतात, सांध्यांवरचे रबरी बूट फाटतात, आत धूळ जाते आणि फोर व्हीलमध्ये वळताना कटकट आवाज येऊ लागतो. बूट बोटाने दाबून सगळीकडून बघा. डिझेल इंजिनाचं तेल भरायचं झाकण चालू इंजिनावर हळूच सैल करा. आतून जोरात वाफ मारत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. टर्बोच्या नळीत थोडं तेल चालतं, ओघळ नको. पाय ठेवायच्या जागेचा पत्रा इथेही मॅट काढूनच बघायचा.

प्रश्न : माझ्या मुलाला जुनी मिलिटरी जीप हवी आहे. उत्तरेतल्या मंडी डबवालीहून ऑर्डरप्रमाणे बांधून आणतात, असं मित्र सांगतात. ऑलिव्ह रंग, फोर बाय फोर, सगळं नवं. कागद एका जुन्या जीपचे असतात म्हणे. धोका आहे का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : हो, आणि मुलाच्या हौसेचा मान ठेवूनच सांगतो, हे करू नका.

हरयाणाच्या सिरसा जिल्ह्यातलं डबवाली अशा जीपांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथल्या कारागिरांचा हात मी नाकारत नाही, पत्र्याचं काम बघत राहावं असं असतं. अडचण कागदांची आहे. नवी बॉडी, कुठलं तरी इंजिन, कुठली तरी चेसी, आणि आरसी भंगारात गेलेल्या तिसऱ्याच जीपची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मालकाला आपल्या मर्जीने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. उद्या त्या जीपने कोणाला धक्का लागला आणि विमा कंपनीने चेसी नंबर तपासला तर भरपाईचा सगळा बोजा तुमच्या घरावर येईल. रंगाचंही तसंच. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे, खासगी गाडीला तो देता येत नाही.

मुलाला खरी जीप हवी असेल तर आपल्याकडेच महिंद्राची एमएम ५४० किंवा मेजर शोधा. महिंद्राने १९४७ पासून अमेरिकेतल्या विलिजच्या जीपची जुळणी इथे सुरू केली, आणि ५४० ही त्याच वंशातली. बऱ्याच ५४० मध्ये २.१ लिटरचं प्यूजोचं डिझेल इंजिन आहे. संथ, पण बेताने चालवलं तर दीर्घायुषी. पुढे-मागे अखंड अॅक्सल, चारही बाजूंना पाटे. कोकणातली असेल तर समुद्राच्या खाऱ्या हवेने चेसी खाल्लीय का हे वर लिहिलं त्याच्या दुप्पट काळजीने बघा. शक्य असेल तर देशावरची, कोरड्या मुलखातली गाडी शोधा.

लष्कराच्या लिलावातली घ्यायची झाली तर लिलावाचा सुटकेचा कागद, त्यानंतरच्या प्रत्येक मालकाचं नाव आणि आरटीओची नोंदणी, अशी साखळी कुठेही न तुटता दिसली पाहिजे. नोंदणी झालेली नसेल आणि विक्रेता म्हणत असेल की ती सहज होते, तर आधी त्याला करून द्यायला सांगा.

प्रश्न : २०१४ ची स्कॉर्पिओ फोर बाय फोर बघतोय. विक्रेता मूळचा चिपळूणचा. २०२१ च्या पुरात गाडी होती का विचारलं तर म्हणाला, अंगणात थोडं पाणी आलं होतं. कसं ओळखायचं?
– एक वाचक, माणगाव

उत्तर : २२ जुलै २०२१ ला चिपळुणात किती पाणी होतं हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलं. माणूस खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, त्या दिवसांत कोणाला गाडीकडे बघायला वेळ होता? पण गाडीला विचारता येतं.

सीटचे बोल्ट आणि रूळ बघा, तिथला गंज कोणी साफ करत नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. हेडलाइटच्या आत, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जुडग्यात, स्टेपनीच्या जागेत बारीक सुका गाळ आहे का टॉर्चने बघा. मग डिफचे (डिफरन्शिअलचे) आणि ट्रान्स्फर केसचे तेलाचे बोल्ट काढून थोडं तेल बोटावर घ्या. पाणी वरपर्यंत चढलं की ते हवा खेळायच्या ब्रीदरच्या नळीतून डिफमध्ये जातं आणि तेल दुधाळ होतं. विकायच्या आधी कोणी ते बदललं असेल तर सगळं तेल एकसारखं नवंकोरं दिसेल, त्यावरही प्रश्न विचारा. विम्याचा पॉलिसी नंबर घेऊन त्या वर्षी क्लेम झाला होता का ही चौकशी करा. मालकाने सोबत येऊन ती केली तर उत्तम.

या स्कॉर्पिओत फोर व्हील दांडीने लागत नाही, डॅशबोर्डजवळचं बटण फिरवलं की ट्रान्स्फर केसवरची मोटर ते काम करते. पाण्यात बुडालेल्या गाडीत तीच मोटर आणि तिची वायरिंग आधी दगा देते. बटण फिरवलं, दिवा लागला, एवढ्यावर पैसे देऊ नका. मऊ मातीत नेऊन पुढची चाकं खरंच ओढतात का बघा. लो लावताना गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये घ्यायची असते, त्याशिवाय लागत नाही. विक्रेत्याला ते माहीत नसेल तर त्याने फोर व्हील आजवर वापरलेलीच नाही, आणि वर्षानुवर्षं न वापरलेली फोर व्हील अडकून बसलेली असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : मी पेठ तालुक्यात आरोग्य सेवेत आहे. पाड्यांवर जावं लागतं. माझ्या बजेटात जुनी फोर बाय फोर बसते किंवा तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षं नवी साधी बोलेरो. काय घेऊ?
– एक वाचिका, पेठ

उत्तर : ताई, बोलेरो घ्या.

तुमचं काम असं आहे की गाडी रोज सकाळी सुरू झालीच पाहिजे. जुनी फोर बाय फोर सांभाळायला वेळ लागतो, ओळखीचा मिस्त्री लागतो, आणि वर्षातून काही दिवस ती गॅरेजमध्ये उभी राहणार हे धरून चालावं लागतं. साध्या बोलेरोची जमिनीपासूनची उंची चांगली आहे, सामान कुठेही मिळतं. मागचे दोन टायर खोल नक्षीचे घाला, एक फावडं, दोन फळ्या आणि चांगला दोर गाडीत ठेवा. वर्षातले बहुतेक रस्ते त्याने निघतात. जो पाडा पावसात त्यानेही गाठता येत नाही तिथे फोर बाय फोर घेऊनही मी तुम्हाला एकटीला जा म्हणणार नाही. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी कोणतीही असो, थांबा. चारही चाकं ओढत असली तरी पाण्याच्या लोंढ्यात गाडी तरंगते आणि बाजूला जाते.

प्रश्न : आमच्या भागात एकाच जिप्सीचे तीन विक्रेते झाले, पण आरसीवर अजून पहिल्याच मालकाचं नाव आहे. प्रत्येकाकडे कोऱ्या फॉर्मवर सह्या आहेत. चालतं ना?
– एक वाचक, चंदगड

उत्तर : चालत नाही. पहिला मालक कुठे आहे ते शोधा, त्याला आरटीओत समक्ष आणा किंवा गाडी सोडा. त्याचा मृत्यू झाला असेल तर वारसांच्या नावे नोंद झाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. त्या कोऱ्या फॉर्मवरची सही जुळली नाही तर आरटीओत तुमचंच काम अडेल. घेतल्यावर तीस दिवसांच्या आत नाव चढवायचं असतं. पहिल्या मालकालाही हे समजावून सांगा : नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. गाडी विकून मोकळा झालो असं त्याला वाटत असेल, पण तो मोकळा नाही. हे कळलं की सहसा तो स्वतःच आरटीओत यायला तयार होतो.

प्रश्न : जुनी फोर बाय फोर उन्हाळ्यात बघावी की पावसाळ्यात?
– एक वाचक, जव्हार

उत्तर : भाव उन्हाळ्याच्या तोंडावर थोडे नरम असतात, पण बघायला पावसाळा चांगला. हूड कुठे गळतं, मॅटखाली पाणी कुठे साचतं, वायपर आणि हेडलाइट कामाचे आहेत का, हे आपोआप कळतं, आणि फोर व्हील तपासायला चिखल घरासमोरच असतो. जाताना जुने कपडे, टॉर्च, हातोडी, चुंबक, खडू आणि सतरंजी न्या. सोबत एक माणूस न्या, ब्रेक दाबायला.